‘ढ’ हा निवाडा कोणी दिला?

मराठी शाळांतून ‘ढ’ हे अक्षर शिवी म्हणून का रूढ झाले, याचे एक कारण जाणकार मंडळी सांगत असतात. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येता येता इतर अक्षरांची वळणे पार पालटली. ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला. सबब, कितीही शिकविले तरी जो पालटत नाही तो विद्यार्थी ‘ढ’. ही व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली असो, तिच्यामागील विचार आपल्या समाजास पुरता ओळखीचा आहे. जो जसा जन्मला तो तसाच राहावयाचा, त्याच्या ठायी पालट संभवत नाही, हा तो विचार होय. त्याचे जुने नाव चातुर्वर्ण्य. दीक्षा घेऊन आपण त्यास घराबाहेर काढले. आणि आता तोच आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात बसून मागल्या दाराने घरात येत आहे.

नवदीक्षित बंधु-भगिनींनो, पालकसभेचा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस असेल. गुरुजी वही उघडून न दाखविताच सांगतात, “मुलगा गरीब स्वभावाचा आहे हो, पण डोक्यात शिरत नाही. घरी वातावरण नाही ना!” बाप मान डोलावतो आणि “होय गुरुजी” म्हणून उठतो. ज्या बापाने देव्हारा उचलून ठेवण्याचे धैर्य दाखविले, भावकीचा रोष पत्करला, जो आता कोणाही पुरोहितापुढे वाकत नाही, तो या एका वाक्यापुढे मात्र वाकतो. इतकेच नव्हे, तर घरी येऊन तेच वाक्य तो मुलास ऐकवितो. आमचा व्यवसाय वकिलीचा. खिसेकापूस देखील आरोपपत्राची प्रत मिळते, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, शिक्षा झालीच तर अपील करता येते, हे आम्ही नित्य पाहतो. दुसरीत बसलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या वाट्यास यांपैकी काहीच येत नाही. शिक्षा मात्र जन्मठेपेची होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलाची बुद्धी मोजून त्यावर शिक्का मारणे हे शाळेचे काम नव्हे. मुलाच्या परिश्रमास वाट करून देणे, तो परिश्रम डोळ्यांनी पाहणे आणि पाहिला हे त्यास कळू देणे, हे शाळेचे काम आहे. हे काम एकट्या वर्गशिक्षकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. शाळेत ते होते की नाही याची जबाबदारी मुख्याध्यापकाची आहे. जो मुख्याध्यापक ही जबाबदारी टाळतो तो केवळ कर्तव्यात कसूर करतो असे नव्हे, तर त्या मुलाचा कायदेशीर हक्क बुडवितो.

भगवान बुद्धांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गातील एक अंग सम्यक व्यायाम हे आहे. व्यायाम म्हणजे येथे दंड-बैठका नव्हेत. योग्य दिशेने केलेला प्रयत्न, असा त्याचा अर्थ. जो धम्म माणसाच्या उन्नतीसाठी प्रयत्नास इतके मोठे स्थान देतो, त्याच्या अनुयायाने ‘नशिबात विद्या नाही’ हे वाक्य उच्चारणे ही विसंगती आहे. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते ही कल्पना परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात का नाकारली, याचा विचार आपल्या प्रत्येक घराने करावा. ती कल्पना मान्य केली की गरीब आपल्या गरिबीस आणि मागे पडलेला मुलगा आपल्या मागे पडण्यास स्वतःच जबाबदार ठरतो, आणि मास्तर, संस्था व सरकार ही सारी एकाच वेळी निर्दोष सुटतात!

बौद्ध वाङ्मयात चुल्लपंथकाची कथा आहे. ती आपल्या मुलांना तर सांगावीच, पण त्याहून अधिक ती मुख्याध्यापकांना सांगण्याजोगी आहे. महापंथक व चुल्लपंथक हे दोघे भाऊ. थोरला भिक्षुसंघात मान्यता पावलेला, भिक्षूंच्या भोजनाची व्यवस्था त्याच्याकडे. धाकट्यास चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना; पुढचा शब्द आला की मागचा जाई. थोरल्याने निवाडा दिला की, याच्याने काही होणार नाही, याने संघ सोडून घरी जावे. जीवक वैद्याने भिक्षुसंघास भोजनास बोलाविले, तेव्हा थोरल्याने धाकट्यास पंक्तीच्या गणतीतूनही वगळले. रडत निघालेला तो भिक्षू बुद्धांना वाटेत भेटला. बुद्धांनी त्यास ती गाथा पुन्हा घोकावयास लावली नाही. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत ‘मळ निघो’ एवढेच म्हणत बसावयास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि जे चार महिने शब्दांतून कळले नव्हते ते त्यास हातातून कळले. पुढे भोजनाच्या जागी बुद्धांनी विचारले, विहारात अजून एक भिक्षू आहे ना? त्यास बोलावून आणविले आणि भोजनोत्तर उपदेश करावयास त्यासच सांगितले.

या कथेस टीकाकारांनी पूर्वजन्मीचे एक कारण आणि काही चमत्कार चिकटविले आहेत. ते आम्ही बाजूस ठेवतो. राहते ते एवढे की, शिष्य तोच होता. पालटली ती शिकविण्याची रीत. दुसरी गोष्ट अशी की, ज्यास गणतीतून वगळले होते त्याची गणती संघाच्या नायकाने स्वतः, सर्वांदेखत, करून घेतली. खासगीत पाठ थोपटून त्यांनी समाधान मानले नाही. आमच्या शाळांना महापंथक पुष्कळ लाभले आहेत. पंक्तीची यादी त्यांच्याच हातात असते.

आता बाबासाहेबांविषयी. आपल्या घरांतून व सभांतून त्यांचे वर्णन ‘जन्मजात प्रज्ञावंत’ असे केले जाते. हेतू भक्तीचा असतो, पण परिणाम उलटा होतो. मुलगा मनाशी म्हणतो, ते तर अलौकिक होते, मी कोठे? वस्तुस्थिती काय आहे? बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. आजच्या कोणत्याही शाळेत अशा मुलाचे छायाचित्र फलकावर लागणार नाही! पुढे ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही. तो पुन्हा लिहावयास सांगितले. मुंबईस परतून त्यांनी तो पुन्हा लिहिला, लंडनला पाठविला, आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळविली. प्रबंध परत आला म्हणून हा मनुष्य संपला, असे कोणी म्हटले नाही. म्हटले असते तरी त्यांनी ऐकले नसते, हेही खरे. पण दहा वर्षांचे मूल न ऐकण्याइतके समर्थ नसते.

आणि त्यांचा परिश्रम पाहिला कोणी? साताऱ्याच्या शाळेत ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. त्या दिवसांत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे, आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेलेच राहावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागली. ज्यांनी त्यांना पाहिले ते त्यांच्या वर्गाबाहेरचे एक शिक्षक, कृष्णाजी अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचीत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, आणि मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेत आपण स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळविण्यासही त्यांनी साहाय्य केले. केळुसकर गुरुजींनी जात पाहिली नाही, गुणपत्रिकाही पाहिली नाही. रोज बागेत येऊन वाचणे तेवढे पाहिले. आपण आज बौद्ध आहोत, यामागील कारणांच्या साखळीत त्या बागेतील एका शिक्षकाची नजर ही एक कडी आहे. पण समाजाचे भवितव्य अशा योगायोगावर किती दिवस टांगून ठेवावयाचे? प्रत्येक मुलाच्या वाटेवर बाग असेलच असे नाही, आणि बागेत केळुसकर असतीलच असे तर मुळीच नाही.

योगायोगाची जागा व्यवस्थेने घेता येते, याचा पुरावा त्याच सातारा शहरात आहे. गोणपाटाच्या त्या दिवसांस पाव शतकही उलटले नव्हते, तोच १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. एकत्र राहणे, एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, आणि शिक्षणाचा खर्च स्वतःच्या श्रमाने भागविण्याची सोय. गाव तेच, समाज तोच, पावसाळाही तोच. पालटला तो शाळा चालविणारा मनुष्य. त्याही आधी पुण्यात, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. तीन वर्षे शिकलेल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी सडेतोड लिहावे आणि ते छापले जावे, हे आपोआप घडत नसते. तिच्या हाती लेखणी देणाऱ्या शिक्षकांनी ‘तुला काय म्हणावयाचे आहे ते लिही’ असे वातावरण वर्गात निर्माण केले असले पाहिजे. आज पावणेदोनशे वर्षांनी आमच्या किती शाळांत मुलगी स्वतःचा निबंध लिहिते, आणि किती शाळांत ती मार्गदर्शिकेतील ‘माझा आवडता ऋतू’ उतरवून काढते, याची मोजदाद ज्याने त्याने आपल्या गावात करावी.

प्रतिपक्ष म्हणेल, या सर्व जुन्या गोष्टी झाल्या. आता शाळेत जात कोठे राहिली आहे? ठीक आहे, नवा पुरावा पाहू. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या दोन अभ्यासिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. उच्च मानलेल्या जातींतील ३२१ व खालच्या मानलेल्या जातींतील ३२१ अशा मुलांना कागदावरील चक्रव्यूहातून वाट शोधण्याची कोडी दिली. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पण सर्वांसमोर नाव, गाव व जात वाचून मग तीच कोडी दिली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी पाच मिनिटांत कमी झाली काय? कमी झाला तो विश्वास: आपण सोडविले तर ते आपले म्हणून मोजले जाईल, हा.

आता आपल्या शाळेत काय घडते ते आठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची वेळ आली की लिपिक तास चालू असता वर्गात येतो आणि म्हणतो, “एस.सी.वाले उभे राहा.” मुले उभी राहतात. बाकीची वळून पाहतात. लिपिक सावकाश नावे वाचतो. मग गणिताचा तास पुढे चालू होतो. त्या अभ्यासिकांना जो प्रयोग मुद्दाम मांडावा लागला तो आपल्याकडे दरवर्षी, फुकट, सरकारी खर्चाने होतो! शिष्यवृत्ती हा हक्क आहे, भिक्षा नव्हे. १९९० साली अनुसूचित जातींविषयक आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींत मान्यता मिळाली, म्हणून दीक्षा घेतल्याने तो हक्क जात नाही. पण हक्क देण्याची रीत अपमानाची असली तर हक्कच मुलास ओझे वाटू लागतो, आणि पुष्कळ मुले अर्ज भरण्याचे टाळतात. लिपिकाची ही कृती प्रत्येक वेळी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा ठरेल, असे कोणी समजू नये. त्या कायद्यास अपमानाचा हेतू लागतो, आणि येथे बहुधा हेतू नसतो, नुसता आळस असतो. म्हणूनच हे काम पोलिसांचे नव्हे, हेडमास्तरांचे आहे. अर्ज कार्यालयात, पालकांना बोलावून, भरून घ्यावेत, अशी दोन ओळींची सूचना त्यांनी काढली की पुरे. खर्च शून्य. ज्या शाळेत ही दोन ओळींची सूचना निघत नाही तेथील मुख्याध्यापकांनी ‘गुणवत्ता’ या शब्दावर भाषण करू नये.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती आमच्याच लोकांस लागणारी आहे. रेमा हॅना व ली लिंडन यांनी भारतात एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांच्या वरच्या पानावर कोणतीही जात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. जी उत्तरपत्रिका खालच्या जातीच्या मुलाची म्हणून दाखविली तीस किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण होता. आणि हा भेद मुख्यतः कोणी केला? उच्च जातींच्या परीक्षकांनी नव्हे; खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांनीच! याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. आम्ही एवढाच लावतो की, ‘आपल्या मुलांना जमत नाही’ हा समज आपल्याच शिकलेल्या माणसांच्या हाडीमांसी मुरला आहे. वस्तीतून निघून शिक्षक झालेला, गावाबाहेर बंगला बांधलेला, जयंतीच्या व्यासपीठावर तासभर बोलणारा आमचा बांधव वर्गात गेल्यावर वस्तीतल्या मुलास म्हणतो, “आम्ही दिव्याखाली अभ्यास केला, तुम्हांस सर्व मिळूनही काही होत नाही.” त्याने खरोखरीच दिव्याखाली अभ्यास केला असेल. पण त्या कष्टांचा उपयोग तो पुढच्या मुलास वाट दाखविण्यासाठी न करता मारण्यासाठी करतो. आपल्या समाजाने चालविलेल्या शिक्षणसंस्थाही या दोषातून सुटलेल्या नाहीत. प्रवेशदाराशी बाबासाहेबांचा पुतळा, आणि आत गुणांनुसार पाडलेल्या तुकड्या!

परिश्रमाचे कौतुक करा असे आम्ही म्हणतो, तेव्हा दोन गैरसमज संभवतात. पहिला असा की, मुलास नुसते ‘शाब्बास’ म्हणत सुटावे. अमेरिकेत म्युलर व ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना सोपी उदाहरणे देऊन काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे म्हटले. पुढे कठीण उदाहरणे दिली आणि अपयश आले, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेली मुले लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक काळ झुंजली. येथवर ठीक. परंतु चुकीच्या रीतीने शंभर वेळा केलेले गणित शंभर वेळा चुकते. मुलाने कष्ट घेतले पण भागाकाराची पायरीच त्यास कोणी नीट दाखविली नसेल, तर त्याचे कौतुक ही फसवणूक होय. चुल्लपंथकास बुद्धांनी शाबासकी देऊन परत गाथेस बसविले नाही, त्यास वस्त्र दिले.

दुसरा गैरसमज अधिक घातकी आहे, आणि तो मुद्दाम पसरविला जातो. ‘कष्ट करणारा वर येतोच, जो वर आला नाही त्याने कष्ट केले नाहीत’ असे ते तर्कशास्त्र. सकाळी पाणी भरणारी, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर सहा महिने गाव सोडणारी, एका खोलीत आठ जणांत झोपणारी मुलगी कष्ट करीत नाही असे म्हणणारा मनुष्य आंधळा असला पाहिजे किंवा लबाड. तिचे कष्ट आहेतच. ते अभ्यासाकडे वळविण्यास जागा, वेळ व शिकविणारा माणूस यांची तरतूद करणे हे शाळेचे व शासनाचे काम. परिश्रमाची मागणी करण्याचा अधिकार तरतूद करणाऱ्यासच पोचतो.

कित्येक शाळांत सकाळी सरस्वतीच्या तसबिरीस हार घालून प्रारंभ होतो. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलास पूजेस भाग पाडता येत नाही. संमती नसेल तर तसे लेखी कळवावे, भांडण करू नये. पण आमचा आक्षेप धर्मापुरताच नाही. विद्या हा कोणा देवतेचा प्रसाद आहे असे रोज सकाळी ज्यास दाखविले जाते, तो मुलगा प्रसाद न मिळाल्यास काय समजेल?

मुख्याध्यापक नेमके काय करू शकतो, असे विचारणारे बहुधा काही न करणारेच असतात. तुकड्या कशा पाडावयाच्या आणि सर्वांत अनुभवी शिक्षक कोठे द्यावयाचा हे त्याच्या लेखणीत आहे. आज तो ‘अ’ तुकडीस दिला जातो, आणि ‘ड’ तुकडीस जो नुकताच आला किंवा निवृत्तीस टेकला तो. दवाखान्यात मोठा डॉक्टर निरोग्यांना आणि शिकाऊ डॉक्टर अत्यवस्थांना, असा हा न्याय! वह्या तपासल्या जातात की नुसत्या सह्या होतात, हे त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गातील पाच वह्या उघडून पाहावे. लाल शाईची फुली पुरत नाही; चूक कोठे झाली आणि पुढे काय करावयाचे हे एका ओळीत लिहिलेले असावे. बक्षीस समारंभात पहिल्या तिघांस पेले देण्यास आमची हरकत नाही; पण जो तिसावरून पंचेचाळिसावर आला, जी मुलगी हंगामावरून परत येऊन सहा महिन्यांचा अभ्यास भरून काढते, तिचेही नाव त्याच व्यासपीठावरून पुकारले जावे. हे पाहून आईबापांचे डोळे भरून येतील आणि पुढील वर्षी त्या वस्तीतील गळती थांबेल की नाही हे करून पाहावे. मुख्याध्यापक कार्यालयात बसून माहितीचे तक्ते भरण्यातच गुंतलेला असतो, ही तक्रार खरी आहे. वरिष्ठ कार्यालये त्याला कारकून करून टाकतात. आणि लहान शाळांत तर मुख्याध्यापकाचे पदच नसते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीस दीडशेवर आणि सहावी ते आठवीस शंभरावर मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे. वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एकाकडेच ‘प्रभारी’ म्हणून दप्तर येते. हा दोष शासनाचा आहे आणि त्याविरुद्ध शिक्षकसंघटनांच्या बरोबरीने आपणही बोलले पाहिजे. पण ज्या मोठ्या शाळांत पद आहे, पगार आहे, खोली आहे, तेथे ही सबब चालावयाची नाही.

आता कायदा. २००९ सालचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास तो लागू आहे. त्याचे २४वे कलम शिक्षकांची कर्तव्ये सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून त्याप्रमाणे लागेल तेथे जादा अध्यापन देणे, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना कळविणे, ही त्यांत स्पष्ट शब्दांत आहेत. लक्षात घ्या, क्षमता अजमावावयाची ती जादा अध्यापन देण्यासाठी, शिक्का मारण्यासाठी नव्हे. ‘डोक्यात शिरत नाही’ असे सांगणारा शिक्षक वास्तविक आपल्यावरील कर्तव्य सुरू झाल्याची कबुलीच देत असतो! १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई आहे. वर्गात ‘ढ’ म्हणून हिणवणे हा मानसिक छळ आहे असे आमचे मत आहे. २८वे कलम शिक्षकास खासगी शिकवणी करू देत नाही. २९व्या कलमाप्रमाणे मूल भयमुक्त असले पाहिजे आणि त्यास आपले मत मोकळेपणाने मांडता आले पाहिजे. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस परीक्षा आणून अनुत्तीर्णास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. परंतु त्याआधी जादा अध्यापन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावीच लागते. ते जादा अध्यापन खरोखर झाले काय, कोणत्या दिवशी, कोणी दिले, हे विचारण्याचा पालकास पूर्ण अधिकार आहे.

२१व्या कलमाखालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांस प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. अनुदानित खासगी शाळांत ही समिती केवळ सल्ला देणारी आहे आणि विनाअनुदानित शाळांस ती लागू नाही. पण जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या शाळांत, जेथे आपली बहुसंख्य मुले आहेत, तेथे शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवण्याचा तिला अधिकार आहे. व्यवहारात काय होते? सरपंचांच्या मर्जीतील नावे घातली जातात, आपल्या एका भगिनीची सही घरी वही पाठवून घेतली जाते, आणि सभा झाली असे लिहिले जाते. भगिनींनो, न वाचता व सभेस न बसता सही करू नका. सभेत जाऊन चारच गोष्टी मागा: आपल्या मुलाची वही, जादा तासांची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरून घेतले जातात याची माहिती, आणि मागील सभेचे इतिवृत्त. अक्षरओळख कमी असली तरी हरकत नाही. वहीत लाल शाई आहे की नाही हे पाहण्यास पदवी लागत नाही. वस्तीतील एखादी शिकलेली मुलगी बरोबर न्यावी.

एवढ्याने काम भागले नाही तर ३२वे कलम आहे. मुलाच्या हक्काविषयी कोणासही स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका वा महानगरपालिका यांच्याकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांच्या मुदतीत निर्णय देण्याचे बंधन कायद्याने त्यांच्यावर घातले आहे. निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. अर्जात शिव्याशाप नसावेत, ‘आमच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला’ अशी प्रस्तावनाही नसावी. ते व्यासपीठावर बोलावे. अर्जात मुलाचे नाव, इयत्ता, काय घडले, कोणत्या तारखेस घडले, कोणते कलम मोडले आणि आपणांस काय हवे आहे, एवढेच असावे. जादा अध्यापन हवे असेल तर ‘जादा अध्यापन’ हेच शब्द लिहावेत. अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्यावी, आणि ती प्रत मुलाच्या प्रगतिपुस्तकातच ठेवावी.